इंग्लंडमधली खेड्यांची चर्चेस : पाहण्याचा छंद, जपण्याची वाट

इंग्लंडमध्ये ‘चर्च ऑफ इंग्लंड’च्या जवळपास १६ हजार इमारती आहेत. त्यांपैकी सुमारे साडेबारा हजार कायद्याने संरक्षित आहेत. देशातल्या ‘ग्रेड वन’ म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या वारसावास्तूंमध्ये तर निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या चर्चेसचा आहे. यातली बहुसंख्य चर्चेस खेड्यांत आहेत. गावातली घरे पडली, पुन्हा बांधली गेली, जमीनदारांचे वाडे विकले गेले. चर्च मात्र आठ-नऊशे वर्षे त्याच जागी उभे राहिले. गावाचे बारसे, लग्न आणि दफन तिथे झाले. सुबत्ता आली तेव्हा त्याला मनोरा चढला, साथ आली तेव्हा त्याचे बांधकाम अर्ध्यावर थांबले.

सुट्टीच्या दिवशी एखाद्या टापूतली चार-पाच जुनी चर्चेस निवांत पाहत हिंडणे हा इंग्लंडमधला जुना आणि प्रतिष्ठित छंद आहे. तिथे त्याला ‘चर्च क्रॉलिंग’ म्हणतात. तो जोपासणाऱ्यांत श्रद्धावंत असतात तसे देव न मानणारेही असतात. शिक्षक, कारकून, निवृत्त अभियंते, चित्रकार, सायकलस्वार अशी ही मंडळी. या इमारतींचा अभ्यास कसा करायचा हे ठरवण्यात आणि त्या वाचवण्यात अशा हौशी माणसांचा वाटा विद्यापीठांइतकाच मोठा आहे.

छंदाची परंपरा

या हिंडण्यामागे सुरुवातीपासून एक धास्ती होती: आज दिसते ते उद्या नसेल. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर थडग्यांवरचे लेख फोडले जात होते. ते नाहीसे होण्याआधी उतरवून घ्यावेत म्हणून जॉन वीव्हर गावोगाव फिरला. त्याचा ‘एन्शंट फ्युनरल मॉन्युमेंट्स’ हा ग्रंथ १६३१ मध्ये छापला गेला. त्याने नोंदवलेले कित्येक लेख पुढे नष्ट झाले आणि आज फक्त त्याच्या पानांवर उरले आहेत.

चर्चच्या बांधणीचे कालखंड आज ज्या नावांनी ओळखले जातात, ती नावे थॉमस रिकमन याने दिली. तो लिव्हरपूलमध्ये विम्याच्या कचेरीत हिशेबाचे काम करी. फावल्या वेळात जुनी चर्चेस पाहून त्यांच्या कमानी, खिडक्या आणि खांब तो रेखाटत असे. शेकडो इमारती ताडून पाहिल्यावर त्याला त्यांत क्रम दिसला. १८१७ मध्ये त्याने तो पुस्तकरूपाने मांडला आणि पुढे तो स्वतः वास्तुविशारद झाला. १८३९ मध्ये केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी ‘केंब्रिज कॅम्डेन सोसायटी’ स्थापन केली. चर्च पाहायला जाताना सोबत न्यायचा छापील तक्ता त्यांनी तयार केला. बाप्तिस्म्याचे जलकुंड कसे आहे, खिडक्या कोणत्या काळातल्या, छत कसले, अशी त्यात रकान्यांमागून रकान्यांत माहिती भरायची असे. पाहणे शिस्तीने व्हावे, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच मंडळींच्या उत्साहातून एक संकटही उभे राहिले. चर्चेसना ‘खरे मध्ययुगीन’ रूप देण्याच्या नादात एकोणिसाव्या शतकात हजारो इमारतींचा जीर्णोद्धार झाला. जुना गिलावा खरवडला गेला, अठराव्या शतकातली बाके काढून टाकली गेली, झिजलेले कोरीवकाम नव्याने घडवले गेले. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. इमारतीची नित्य डागडुजी करावी, तिचे वय मात्र पुसू नये, हे तिचे तत्त्व होते. विल्टशरमधले इंगलशॅमचे छोटे चर्च मॉरिसच्या पुढाकाराने या लाटेतून वाचले. तिथे सॅक्सन काळातले आई-मुलाचे शिल्प, दारे असलेली पेटीसारखी बाके आणि भिंतींवर एकावर एक चढलेले अनेक शतकांचे रंगथर आजही एकत्र पाहता येतात.

विसाव्या शतकात सायकल, रेल्वे आणि मोटार यांनी हा छंद सर्वांच्या आवाक्यात आणला. कवी जॉन बेचमन याने संपादित केलेली इंग्लंडच्या पॅरिश चर्चेसची, म्हणजे त्या त्या गावच्या धर्मक्षेत्राच्या चर्चेसची, मार्गदर्शिका १९५८ मध्ये आली. चर्चचे वातावरण, उजेड, घंटांचा नाद यांकडे त्याचे विशेष लक्ष होते. त्याच काळात निकोलाउस पेव्स्नर हा अभ्यासक ‘द बिल्डिंग्ज ऑफ इंग्लंड’ ही मालिका लिहीत होता. लाइपझिगमध्ये जन्मलेला पेव्स्नर नाझी राजवटीमुळे इंग्लंडमध्ये आला होता. महाविद्यालयाच्या सुट्ट्यांत तो एकेक परगणा पिंजून काढी, आणि सुरुवातीच्या बऱ्याच प्रवासांत पत्नी लोला गाडी चालवीत असे. १९५१ ते १९७४ या काळात या मालिकेचे ४६ खंड निघाले. पेव्स्नर तारखा आणि तपशील देतो, बेचमन प्रेम करायला शिकवतो. जाणकार दोघांनाही सोबत ठेवतात. १९९९ मध्ये सायमन जेन्किन्स याने निवडक हजार चर्चेसवर लिहिलेल्या पुस्तकाने नव्या पिढीला या वाटेवर आणले.

इमारत कशी वाचावी

जुन्या इंग्लिश चर्चची मांडणी साधारण ठरलेली असते. वेदी पूर्वेला, मनोरा बहुधा पश्चिमेला आणि येण्याजाण्याचे दार दक्षिणेला. आतली मोठी जागा ‘नेव्ह’, म्हणजे लोकांचे सभागृह. त्यापुढचा अरुंद भाग ‘चॅन्सल’, म्हणजे वेदीचा गाभारा. मध्ययुगात चॅन्सलची देखभाल धर्मगुरूकडे आणि नेव्हची गावकऱ्यांकडे असे. त्यामुळे अनेक ठिकाणी गाभारा लहान आणि जुनाच राहिला, तर लोकांचे सभागृह उंच, रुंद आणि दिमाखदार झाले. पैसा कोणाकडे होता हे तिथे भिंतींच्या उंचीवरून कळते.

काळ ओळखायला कमान सर्वांत उपयोगी पडते. नॉर्मन काळात, म्हणजे १०६६ पासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, कमानी अर्धगोल, भिंती जाड आणि खिडक्या लहान. त्यानंतर टोकदार कमानी आणि उभट, भाल्याच्या पात्यासारख्या खिडक्या येतात. हा रिकमनचा ‘अर्ली इंग्लिश’ काळ. साधारण १२५० ते १३५० या काळातली ‘डेकोरेटेड’ शैली म्हणजे खिडक्यांतली वळणदार दगडी जाळी आणि पानाफुलांचे कोरीवकाम. शेवटची ‘पर्पेंडिक्युलर’ शैली सोळाव्या शतकापर्यंत चालली. तिच्यात सरळ उभ्या रेषा, प्रचंड खिडक्या आणि भरपूर उजेड असतो. कधी एकाच चर्चमध्ये या चारही शैली शेजारीशेजारी सापडतात. भिंतीतला बुजवलेला दरवाजा किंवा मनोऱ्यावर उमटलेली जुन्या छपराची तिरपी खूण पाहून कोणता भाग आधीचा हे ठरवण्यात या छंदाचा खरा आनंद आहे.

नॉर्मनांच्याही आधीच्या इमारती मोजक्या आहेत. डरहॅम परगण्यातले एस्कमचे चर्च सातव्या शतकातले. ते जवळच्या रोमन किल्ल्याचे दगड आणून बांधले. त्यातल्या एका दगडावर रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनचे नाव कोरलेले आहे आणि तो दगड उलटा बसवलेला आहे. एसेक्समधल्या ग्रीनस्टेडच्या चर्चची भिंत ओकचे उभे चिरलेले ओंडके शेजारीशेजारी रोवून केली आहे. ती नवव्या शतकातली मानली जात असे. लाकडाच्या वलयांच्या नव्या तपासणीने ती अकराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपासची ठरवली. तरीही अजून उभ्या असलेल्या लाकडी चर्चेसमध्ये तिचे स्थान जगात अग्रभागी आहे.

दगड आणि पैसा

चर्चचे रूप त्या भूमीत काय मिळते यावर ठरते. नॉर्फोक आणि सफोकमध्ये इमारतीचा चांगला दगड नाही. आहे ती गारगोटी. गारगोटीने भिंत उभी राहते, पण काटकोनी कोपरा साधत नाही. त्या भागात गोल मनोऱ्यांची चर्चेस एवढी का, याचे हे एक प्रचलित उत्तर. काही अभ्यासक ती त्या काळची आवड मानतात. इंग्लंडमध्ये असे सुमारे १८० मनोरे उरले आहेत आणि त्यांतले दोन तृतीयांशांहून अधिक एकट्या नॉर्फोकमध्ये आहेत. मध्ययुगीन चर्चेसची दाटीही तिथेच सर्वाधिक: साडेसहाशेच्या आसपास. चार-पाच मैलांच्या फेरीत क्षितिजावर तीन-तीन मनोरे दिसतात.

ही दाटी आणि भव्यता लोकरीच्या पैशातून आली. चौदाव्या-पंधराव्या शतकांत इंग्लंडची लोकर आणि कापड युरोपभर जाई. कॉट्सवोल्ड टेकड्यांत आणि सफोकमध्ये व्यापाऱ्यांनी आपापल्या गावी चर्चेस वाढवली. सफोकमधल्या लॅव्हनमचा मनोरा १४१ फूट उंच आहे. त्याच्या खर्चात स्प्रिंग या कापड-व्यापारी घराण्याचा मोठा हात होता. ग्लॉस्टरशरमधल्या नॉर्थलीचच्या चर्चमध्ये व्यापाऱ्यांच्या पितळी प्रतिमांच्या पायाशी मेंढ्या आणि लोकरीचे गठ्ठे कोरले आहेत. फेअरफोर्डला जॉन टेम या लोकर-व्यापाऱ्याने चर्चची पुनर्बांधणी सुरू केली. तिथल्या २८ खिडक्यांतली रंगीत काचचित्रे जवळजवळ पूर्ण संच म्हणून टिकली आहेत आणि इंग्लंडच्या दुसऱ्या कोणत्याही पॅरिश चर्चमध्ये तसा संच नाही.

श्रीमंतीइतकीच शिल्पींची कल्पनाशक्तीही पाहण्याजोगी आहे. हेरफर्डशरमधले किलपेकचे चर्च ११४० च्या सुमाराचे, आकाराने लहान, लालसर वालुकाश्माचे. त्याच्या छपराखाली भोवताली ऐंशीहून अधिक कोरीव मुखे आहेत. त्यांत शेजारीशेजारी बसलेला कुत्रा आणि ससा, पक्षी, राक्षस, वादक आहेत आणि उघड स्त्रीदेहाचे शिल्पही आहे. दक्षिण दाराभोवती नाग आणि वेली गुंतलेल्या आहेत. एका आडगावात हे काम नऊशे वर्षे उघड्यावर टिकले, कारण तो दगड विलक्षण चिवट आहे.

चुन्याखालची चित्रे

आज इंग्लंडच्या खेड्यातले चर्च पांढरे आणि शांत दिसते. मध्ययुगात ते रंगांनी भरलेले होते. वाचता न येणाऱ्या लोकांसाठी भिंतींवर संतांच्या कथा रंगवलेल्या असत आणि चॅन्सलच्या कमानीवर अंतिम न्यायाचा देखावा असे. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी नाते तोडले. सहाव्या एडवर्डच्या काळात (१५४७ ते १५५३) मूर्ती काढण्याचे हुकूम निघाले, भिंतींना चुना फासला गेला. पुढे यादवी युद्धात विल्यम डाऊसिंग याला सफोक आणि केंब्रिजशरमधली चित्रे, मूर्ती नष्ट करण्याचे काम मिळाले. १६४३-४४ मधल्या आपल्या फोडाफोडीची त्याने गाववार रोजनिशी लिहिली आणि ती आज इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे.

चुन्याने चित्रे झाकली आणि काही ठिकाणी जपलीही. सरे परगण्यातल्या चॉल्डनला १२०० च्या सुमाराचे भिंतचित्र एकोणिसाव्या शतकात चुन्याखाली सापडले: स्वर्गाकडे जाणारी शिडी, तिच्यावरून चढणारे आणि कोसळणारे जीव, खाली कढई आणि सैतान. सफोकमधल्या वेनॅस्टनला १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी चुना फासलेल्या जुन्या लाकडी फळ्या काढून आवारात टाकल्या होत्या. रात्री पाऊस झाला, चुना धुऊन गेला आणि सकाळी फळ्यांवर पंधराव्या शतकाच्या अखेरचा अंतिम न्यायाचा देखावा उमटलेला दिसला.

जाणकार इथे एक सावधगिरी शिकतात. सफोकमधल्या ब्लायबरोच्या छतात पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत. त्यांच्यावर डाऊसिंगच्या माणसांनी गोळ्या झाडल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. छताच्या दुरुस्तीत निघालेले शिशाचे छर्रे मात्र अठराव्या शतकातले ठरले: छतात शिरणारे जॅकडॉ, म्हणजे कावळ्याच्या कुळातले लहान पक्षी, मारण्यासाठी उडवलेले. प्रत्येक चर्चमध्ये अशी एखादी रंजक कथा ऐकायला मिळते. ती नोंदवून घ्यावी आणि इमारतीशी ताडून पाहावी.

नावे

चर्च ही गावाची दप्तरे ठेवण्याचीही जागा होती. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही सुरू झाली. सामान्य शेतमजुराचे नाव इतक्या सातत्याने नोंदवणारी दुसरी व्यवस्था त्या काळी नव्हती. नोंदवह्यांच्या आधीचे आवाज भिंतींवर सापडतात. हर्टफर्डशरमधल्या अ‍ॅशवेलच्या मनोऱ्यात १३५० मध्ये कोणीतरी प्लेगच्या संहाराविषयी लॅटिन ओळी खरवडून ठेवल्या आहेत. त्या वाचायला टॉर्चचा उजेड भिंतीला चाटून जाईल असा तिरपा धरावा लागतो.

श्रीमंतांनी स्वतःच्या स्मृतीची सोय पितळी पत्र्यांवर केली. सरेमधल्या स्टोक डॅबर्ननला चिलखतातल्या सर जॉन डॅबर्ननची जवळजवळ माणसाएवढी पितळी प्रतिमा आहे. अशा प्रतिमांवर कागद ठेवून काळ्या मेणकांडीने ठसा घेण्याचा नाद १९६०-७० च्या दशकांत फार वाढला. पितळ झिजू नये म्हणून आता परवानगी लागते, शुल्क भरावे लागते किंवा प्रतिकृतीवरच ठसा घ्यावा लागतो.

बाहेरच्या आवारात शेकडो वर्षांचे यू वृक्ष आणि थडगी असतात. हॅम्पशरमधल्या ईस्ट वेलोला फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या दगडावर पूर्ण नाव नाही, केवळ आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची नोंद आहे. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला जॉर्ज ऑर्वेल ऑक्सफर्डशरमधल्या सटन कोर्टनेला एरिक आर्थर ब्लेअर या मूळ नावाने विसावला आहे. ग्लॉस्टरशरमधल्या डेल्सफर्डच्या छोट्या चर्चपाशी बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज पुरला आहे. त्याच्या कारकिर्दीत इंग्रज आणि मराठे यांच्यात पहिले युद्ध झाले आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला.

क्लिफ पायपार्ड

मराठी वाचकासाठी या नकाशावरचे सर्वांत जवळचे ठिकाण विल्टशरमध्ये आहे. क्लिफ पायपार्ड या पॅरिशमध्ये बुश्टन नावाची वस्ती आहे. १५४९ च्या सुमारास तिथे थॉमस स्टीफन्स जन्मला. इंग्लंडच्या चर्चमध्ये लॅटिनऐवजी इंग्रजीतून उपासना करण्याचा ग्रंथ लागू झाला तो त्याच वर्षी. स्टीफन्स कॅथलिक पंथाला धरून राहिला, देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला. आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे तो तिथेच, मुख्यतः साष्टीत राहिला. त्याने मराठीत ओवीछंदात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर स्टीफन्स म्हणून त्याला मानाचे स्थान आहे.

याच पॅरिशच्या सेंट पीटर चर्चच्या आवारात पेव्स्नर आणि लोला यांची समाधी आहे. क्लिफ पायपार्ड हे टेकडीच्या कड्याखालचे छोटे गाव. तिथून एक जण मराठीकडे आला आणि इंग्लंडची चर्चेस जगाला समजावून सांगणारा दुसरा तिथे कायमचा थांबला.

पाहण्याची पद्धत

साधने थोडी लागतात. ‘ऑर्डनन्स सर्व्हे’च्या पायी हिंडणाऱ्यांच्या नकाशांवर चर्चची खूण वेगळी असते: चौकोनावर क्रूस म्हणजे मनोरा, वर्तुळावर क्रूस म्हणजे निमुळता कळस, नुसता क्रूस म्हणजे दोन्ही नाहीत. छतातले देवदूत आणि काचांतले चेहरे पाहायला दुर्बीण, अंधाऱ्या कोपऱ्यांसाठी टॉर्च, नोंदींसाठी वही एवढे पुरते. जाणकार आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालतात, भिंतींतले सांधे पाहतात आणि मगच आत जातात. दक्षिण दाराजवळच्या दगडात कोरलेले छोटे सूर्यघड्याळ बरेच जण न पाहताच आत शिरतात.

अनेक चर्चेस दिवसभर उघडी असतात. कुलूप असल्यास किल्ली कोणाकडे मिळेल याची चिठ्ठी पोर्चमध्ये लावलेली असते. दार लोटून घेणे सक्तीचे, नाहीतर पक्षी आत अडकून मरतात. प्रार्थना, लग्न किंवा दफनविधी चालू असेल तर बाहेर थांबावे. भिंतीतल्या पेटीत चार पैसे टाकावेत आणि अभिप्रायाच्या वहीत नाव लिहावे. दुरुस्तीसाठी अनुदान मागताना किती लोक येतात हे दाखवायला त्या नोंदी उपयोगी पडतात.

राखणदार

गावे ओसरली, प्रार्थनेला येणारे कमी झाले. छपराचा खर्च मात्र तेवढाच राहिला. छपरावरच्या शिशाच्या चोऱ्या होतात. वटवाघळांना कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांना परवानगीशिवाय हुसकता येत नाही आणि त्यांच्या विष्ठेने पितळ आणि चित्रे खराब होतात. उपासना थांबलेल्या चर्चेससाठी इव्होर बुल्मर-थॉमस याने १९५७ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ ही संस्था काढली. १९६९ मध्ये स्थापन झालेला निधी आज ‘चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट’ म्हणून साडेतीनशेहून अधिक चर्चेस सांभाळतो. काहींमध्ये तर प्रवाशांना रात्रीचा मुक्कामही करू देतो. दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी हजारो लोक सायकलने किंवा पायी एका चर्चमधून दुसऱ्या चर्चला जातात आणि त्यावर मिळणाऱ्या देणग्यांतून दुरुस्त्या होतात.

संस्थांच्या आधी माणूस पोहोचल्याचे उदाहरण नॉर्फोकमध्ये आहे. हाउटन-ऑन-द-हिल हे गाव केव्हाच उजाड झाले होते. पहिल्या महायुद्धात झेपेलिनमधून पडलेल्या बॉम्बने आवाराचे नुकसान झाले होते आणि पुढे चर्च वेलींत गडप झाले. १९९२ मध्ये बॉब डेव्ही यांच्या पत्नी पदभ्रमण करताना तिथे पोहोचल्या. त्यांच्याकडून कळल्यावर डेव्ही यांनी वेली तोडल्या, रस्ता केला, छप्पर घालून घेतले आणि उरलेले आयुष्य त्या इमारतीला दिले. दुरुस्तीत गिलाव्याखालून १०९० च्या सुमाराची भिंतचित्रे बाहेर आली. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या भिंतचित्रांत त्यांची गणना होते. या कामासाठी डेव्ही यांना एमबीई हा सन्मान मिळाला.

वीव्हरपासून डेव्हींपर्यंतचा अनुभव एकच सांगतो: ज्या इमारतीकडे कोणीतरी नेटाने पाहत राहते, तीच टिकते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या मराठी माणसाला सुरुवात सहज करता येईल. ग्रीनस्टेड, चॉल्डन आणि स्टोक डॅबर्नन ही तिन्ही ठिकाणे लंडनपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. त्यांपैकी एक निवडावे, आधी बाहेरून प्रदक्षिणा घालावी आणि निघताना वहीत आपले नाव लिहावे.